मायच्या मनगटावरचं एक मिनिट

अन्याय झाला तो रेखा वहिनीवर. पौषातल्या दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी साडेनऊला, बर्डीच्या देवीच्या एकेचाळिसाव्या पायरीवर, आरती आटोपून उतरणाऱ्या पंधरा-वीस माणसांच्या देखत. अन्याय करणारी मी, तिची सख्खी नणंद. गेली काही वर्षं मी गावातल्या बायांच्या दारूबंदी मंडळासाठी पत्रकं लिहिते. पत्रक कसं लिहायचं ते मला शिकवलेलं आहे : अन्याय कोणावर, कधी, कोणी केला, हे पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे, बाकी रडगाणं नंतर. तो नियम आज स्वतःला लावते आहे. देवीच्या उत्सवाच्या पुस्तिकेत दरवर्षी भक्तांचे अनुभव छापतात. मंडळी म्हणाली, तुझाही दे. देते, पण यातली एकही ओळ गाळायची नाही या अटीवर.

आमचं गाव धामणगाव बढ्याच्या अंगाला. गावाबाहेर टेकाड आहे, त्याला आम्ही बर्डी म्हणतो. वर देवीचं ठाणं, त्यापुढे धुनी. धुनीत शेणाच्या गोवऱ्या आणि ओटीच्या नारळांच्या कवट्या जळतात, त्यामुळे इथला अंगारा इतर ठिकाणांसारखा पांढुरका नसतो, काळपट असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या हातून जे घडलं ते त्या काळ्या रंगामुळे घडलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे ते जळक्या स्वभावामुळे घडलं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मायचे पाय सुजले, पोट चढलं. ज्या दिवशी तिला बुलढाण्याला पोटाच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं त्याच दिवशी आमचा संग्रामपूरला मोर्चा होता. मी मोर्चाला गेले. दादा मोताळ्याच्या दुकानातून सुटू शकला नाही. मायसोबत गेली वहिनी. एका दिवसात घराची घडी बदलली, कारण डॉक्टर जे काही बोलले ते सगळं वहिनीच्या कानात गेलं आणि माझ्यापर्यंत उष्टं होऊन आलं. फार जुनी कावीळ अंगात मुरून बसली होती आणि तिनं मायचं लिव्हर आवळून दगडासारखं केलं होतं. रक्ताला लिव्हरमधून वाट मिळेना, म्हणून ते आडवाटेनं अन्ननलिकेच्या आणि पोटाच्या शिरांत शिरलं होतं, आणि त्या शिरा पाण्याच्या दाबानं फुगलेल्या जुन्या पाइपासारख्या झाल्या होत्या. दुर्बिणीनं बघून डॉक्टर म्हणाले होते, या फुटल्या तर हातात वेळ नसतो. रोज एक गोळी द्यायची, ती नाडी हळू करते आणि शिरांमधला दाब उतरवते. अंगदुखीची कुठलीही गोळी मनानं द्यायची नाही. रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला काळं झालं तर कोणाला विचारत बसायचं नाही, गाडी करायची आणि निघायचं. अन्ननलिकेतल्या शिरांना रबरी कड्या बसवायची तारीखही दिली होती, ती संक्रांतीनंतरची होती.

वहिनीनं मला हे सगळं नीट सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. ती बोलत असताना मी एवढंच पाहत होते, की दहावी झालेली ही बाई माझ्या मायचा आजार मला समजावून सांगते आहे.

आणि मग ते मनगट. गोळी द्यायच्या आधी नाडी मोजायची असं डॉक्टरांनी वहिनीला शिकवलं होतं. रोज सकाळी चहा झाला की माय खाटेवर बसायची, वहिनी खाली बसून तिचं उजवं मनगट हातात घ्यायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजायची. मग कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहायची. अठ्ठावन्न. साठ. सत्तावन्न. त्या एका मिनिटात घरात कोणी बोलायचं नाही. माय डोळे मिटून घ्यायची, तिच्या तोंडावर असं काही सुख यायचं की मी चुलीपुढे बसून भाकरी करपवायची. सव्वीस वर्षं मी त्या बाईची पोर आहे. तिनं माझ्या हातात असं मनगट कधी दिलं नव्हतं. काही विचारलं की एकच उत्तर : "रेखाले इचार, तिले समजते." मी तालुक्याच्या साहेबाला तोंडावर जाब विचारते, दारूचे कॅन रस्त्यावर ओतते, आणि माझ्या मायला माझ्यापेक्षा सून जास्त समजदार वाटते.

भरीस भर पत्रकाची. मागल्या साली मीच ठळक अक्षरांत छापलं होतं, की लिव्हर सडते ते दारूनं. हातपंपावर दारूवाल्याची बायको मला सगळ्यांसमोर म्हणाली, "काऊन वं, तुह्या पत्रकात तं लिव्हर दारूनं जाते. मंग तुह्या मायनं किती पेली?" बाया हसल्या. मी हंडा तसाच टाकून घरी आले. माय आयुष्यात कधी दारूच्या वासालाही उभी राहिली नव्हती. मी लिहिलेलं वाक्य अर्धवट होतं, ते दुरुस्त करायला हवं होतं, कावीळ आणि बाकीची कारणं लिहून नवं पत्रक काढायला हवं होतं. ते मी केलं नाही. मी ठरवलं, मायला बरंच करायचं. डॉक्टरांनी नाही, वहिनीनं नाही, मी. माझ्या देवीकडून.

म्हणून कार्तिकापासून अकरा शुक्रवार बोलले. अनवाणी चढायचं, पाणी न पिता, आणि उतरताना धुनीतला अंगारा कागदात बांधून आणायचा. बर्डीची रीत अशी, की अंगारा कपाळाला लावायचा. पोटात कोणी घेत नाही. पण मला कपाळावर समाधान नव्हतं. वहिनीची गोळी पोटात जात होती, मग माझा अंगारा बाहेर का राहावा? मी सकाळ-संध्याकाळ चमचाभर अंगारा पाण्यात कालवून मायला पाजू लागले. ती तोंड वाकडं करायची आणि प्यायची. माझ्या हातून पितेय, याचं मला जे बरं वाटायचं ते भक्तीचं होतं असं मी मनाशी धरून चालले होते.

दहाव्या शुक्रवारनंतर पाच दिवसांनी, बुधवारी, माय मला एकटीला परसात घेऊन गेली. तिचा चेहरा उजळलेला होता. हळूच म्हणाली, "पोरी, कालपासून काळंकुट्ट पडून राह्यलं पाह्य. डांबरावानी. तुह्या अंगाऱ्यानं रोग निघून राह्यला वाटते."

मला भरून आलं. काळा अंगारा आत गेला, काळं बाहेर पडलं, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? मी देवीला तिथूनच हात जोडले. आणि मग मी जे बोलले ते इथे जसंच्या तसं लिहिते, कारण माझा खरा गुन्हा पायरीवरचा नाही, हा आहे. मी म्हटलं, "माय, वहिनीले सांगजो नोको."

का नको, हे मायनं विचारलं नाही. पण मला माहीत होतं. वहिनीला सांगितलं असतं तर ती त्याच पावली बुलढाण्याला निघाली असती, माय बरी झाली की नाव डॉक्टरांचं आणि तिचं झालं असतं, आणि माझे दहा शुक्रवार मातीत गेले असते. एकच तर शुक्रवार उरला होता. कसं असतं बघा, मत्सर झालेल्या माणसाला देव नको असतो, त्याला साक्षीदार हवा असतो.

शुक्रवारी सकाळी वहिनीनं मनगट धरलं आणि मिनिट संपायच्या आतच तिनं मायच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा मोजलं. चौकोनात ब्याण्णव लिहिलं. "ताई, नाडी धावून राह्यली. साठाच्या वर जात नाही कधी. आजच बुलढाण्याले जाऊ."

मी म्हटलं आज अकरावा आहे, माय वर येणार आहे, ओटी तिच्या हातानं भरायची आहे. मायही म्हणाली, "जाऊन येऊ वं, देवीचं बोललेलं हाय." वहिनीनं गोळी हातात धरून ठेवली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिली नाही, पिशवीत पाण्याची बाटली आणि डॉक्टरांचा कागद टाकला आणि आमच्या मागे निघाली. पायथ्यापर्यंत रिक्षा होती. पुढे पायऱ्या.

एकेचाळिसाव्या पायरीवर माय बसली. पौषातली थंडी होती, माणसं कानाला मफलर बांधून उतरत होती, आणि मायच्या कपाळावरून घाम ओघळत होता. वहिनी म्हणाली, "पुरे झालं ताई. खाली उतरू." तिनं पुन्हा मायचं मनगट धरलं. ते मनगट माझ्या देवीच्या पायऱ्यांवरसुद्धा तिच्याच हातात होतं. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. सभेत बोलायचा माझा आवाज आहे, तो मी लावला. म्हटलं, तुझ्या गोळीनंच तिची ताकद गेली. तू मायले देवापासून तोडून राह्यली. आणि शेवटी, सगळ्यांना ऐकू जाईल असं : "तुले तुही माय नाही राह्यली, म्हणून माही हिसकून राह्यली."

वहिनीची आई ती सात वर्षांची असताना गेली. हे गावाला माहीत आहे. उतरणारी माणसं थांबली. वहिनीनं मनगट सोडलं नाही.

तेव्हा वरून एक म्हातारी उतरत आली. ठेंगणी, अनवाणी, जुनं हिरवं लुगडं, हातात ओटीचा रिकामा डबा. ती येऊन सरळ वहिनीच्या शेजारी टेकली. मायची खालची पापणी तिनं अंगठ्यानं खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि भाजीचा भाव विचारावा तशा मोठ्या आवाजात विचारलं, "बाई, परसाकडले काळं होते का? चिकट? वास मारते?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. वहिनीकडे नाही, माझ्याकडे. परवानगी मागितल्यासारखं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अंगाऱ्यानं होते ते," मी म्हटलं.

"कोणत्या अंगाऱ्यानं?"

मी कमरेची पुडी काढली. म्हातारीनं वहिनीच्या बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं, त्यात माझ्या पुडीतली चिमूट टाकली आणि तो हात माझ्या नाकापुढे धरला. राख तळाशी बसली. वर पाणी गढूळ, करडं. "हे पाह्य. राख ते राखच. चमचाभर राखेचं डांबर होत नाही, चिकटत नाही, घाणही मारत नाही. पोटात रगत सांडलं की काळं होते. म्या उभा जलम वार्डात मळ उचलला, मले नोको शिकवू." मग ती वहिनीकडे वळली. "कवापासून हाय, तुले म्हाईत नोतं का वं?"

वहिनी म्हणाली, "मले कोणी सांगतलं नाही." एवढंच. ते ऐकून मला तिनं थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

म्हातारी मला म्हणाली, "देवीनं कपाळासाठी देल्लं, तू पोटात ओतलं. आता तोंड काय पाह्यतं? उचल." त्याच क्षणी पायथ्याशी भंडाऱ्याचा शिधा उतरवून रिकामी झालेली पिकअप उभी होती. चार बायांनी मायला पदराच्या झोळीत धरून खाली आणलं. म्हातारीनं स्वतःची शाल मायच्या अंगावर टाकली आणि ड्रायव्हरला दटावलं, की खड्डे पाहून चालव, पण थांबू नको. मी मागे वळून तिला गाव विचारलं. ती म्हणाली, "अमडापूरकडची," आणि हातानं जा म्हणाली.

धामणगावच्या दवाखान्यात सलाईन लावून रुग्णवाहिकेत घातलं. बुलढाण्याला स्ट्रेचरवर घेता घेता मायला रक्ताची उलटी झाली. लाल, तांब्याभर. वहिनीनं डॉक्टरांचा जुना कागद पुढे केला, गोळीचं नाव, रोजची नाडी, आजची नाडी सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टरांनी मला विचारलं, काळं कधीपासून होतं? मी म्हटलं, मंगळवारपासून. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. डॉक्टरांनी दाब उतरवायचं इंजेक्शन लावलं, रक्ताच्या पिशव्या चढवल्या, दुर्बीण घातली. पोटातली एक मोठी शीर फुटली होती, ती औषधी गोंदानं बंद केली. अन्ननलिकेतल्या शिरांना रबरी कड्या बसवल्या. दुपारी तीनच्या सुमारास बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलं. वहिनीकडे बघून म्हणाले. मला, खोटं कशाला सांगू, तेव्हासुद्धा झोंबलं.

माय वाचली. आजार गेलेला नाही, तो जाणारा नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. ठरलेल्या दिवशी दुर्बीण, पुन्हा कड्या, रोज गोळी, रोज लक्ष. पण माय खाटेवर बसून चहा पिते.

मी शाल धुऊन घडी घालून अमडापूरला गेले. बाजारात विचारलं, वार्डात काम केलेली ठेंगणी म्हातारी. "नाव काय?" माहीत नाही. "आडनाव?" माहीत नाही. एक भाजीवाला म्हणाला, "ताई, एवढ्या मोठ्या गावात तुम्ही शाल घेऊन माणूस हुडकून राह्यल्या, की माणूस घेऊन शाल?" दोनदा गेले. सापडली नाही. पुजाऱ्यांना विचारलं, त्यांनाही आठवेना. ती कोण होती यावर मी वाद घालणार नाही. वार्डातली आया असेल, देवीला आली असेल, घरी गेली असेल. पण आणखी दहा पायऱ्या आम्ही चढलो असतो तर माय वरच संपली असती, आणि त्या पायरीवर ती आली, हे मला माहीत आहे. शाल अजून माझ्याकडे आहे.

आणि कृपेचासुद्धा मला हेवा वाटला. अकरा शुक्रवार मी अनवाणी चढले, आणि देवीनं पाठवलेली बाई येऊन बसली कोणाजवळ? वहिनीजवळ. पाणी घेतलं कोणाच्या बाटलीतलं? वहिनीच्या. जी कधी नवस बोलत नाही, जी वर येऊन एकदा हात जोडते आणि जोडे राखत बसते. कित्येक दिवस मी देवीशी या गोष्टीवरून भांडत होते. मग एका शुक्रवारी धुनीपुढे बसले असताना मला माझंच भांडण ऐकू आलं. मी देवीला मायचं आयुष्य मागितलं होतं. ते तिनं दिलं होतं. मी रुसले होते ते पोचपावतीवर माझं नाव नव्हतं म्हणून.

त्या दिवशी मी आरतीनंतर एकेचाळिसाव्या पायरीवर उभी राहिले. सभेचाच आवाज लावला. बुधवारची गोष्ट सांगितली, मी मायला काय लपवायला लावलं ते सांगितलं, आणि वहिनीची माफी मागितली. दारूवाल्याची बायकोही होती. ती हसली नाही. वहिनी जोड्यांपाशी बसली होती, ती म्हणाली, "बस झालं ताई, माणसं आडवून ठेवू नका, पोरांची शाळा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मनगट धरायला बसली तर मायनं मला हाक मारली. म्हणाली, "तू बी ये वं. एका मनगटासाठी दोघी मरून राह्यल्या. मले दोन हायेत." आणि डावं मनगट माझ्यापुढे केलं. मी धरलं. मिनिटभर मोजलं. माझे चौऱ्याऐंशी आले, वहिनीचे साठ. मी घाबरले. वहिनीनं माझा हात पाहिला आणि पहिल्यांदा माझ्यावर हसली. "अंगठ्यानं धरलं तुम्ही. अंगठ्यात आपलीच नाडी लागते. दोन बोटं ठेवा, अन् दाबू नका." मी दोन बोटं ठेवली. मग मायची नाडी लागली. सावकाश, दूरवर कोणी तरी धुणं आपटत असावं तशी. साठ.

इतके दिवस मी मायच्या मनगटावर स्वतःची नाडी मोजत होते. शरण जाणं म्हणतात ते मला एवढंच कळलं आहे, की अंगठा काढून घ्यायचा. बाकी देवी जाणे. तिनं मला शिक्षा दिली नाही, माय दिली, आणि सोबत एक बहीण दिली, याचं ऋण माझ्या शुक्रवारांनी फिटणार नाही. नवं पत्रकही काढलं आहे : लिव्हर दारूनं जाते, काविळीनंही जाते, आजाऱ्याला टोमणा मारण्याआधी तोंड आवरा.

आता तुमच्याकडे मागणी. विनंती नाही, मागणी. अंगारा कपाळाला लावा, पोटात देऊ नका. तुमच्या घरात लिव्हरचं माणूस असेल तर आज त्याला तोंड उघडून विचारा, शौचाला काळं होतं का, आणि हो म्हणालं तर शुक्रवार बघू नका, गाडी काढा. आणि त्या माणसाची गोळी, कागद, तारखा जी कोणी सांभाळत असेल, सून असो, जाऊ असो, तुम्हाला न आवडणारी कोणीही असो, तिच्यापासून काही लपवायला तुम्ही सांगितलं असेल, तर ही पुस्तिका इथेच मिटा, उठा, आणि आत्ता तिला सांगून या.